कुमुदताईंचा मेन रोड

सिंगापूरला येऊन मला तीनच दिवस झाले होते आणि माझ्या घराची जादा किल्ली एका अनोळखी बाईंच्या पर्समध्ये जाऊन पडली होती. चोरी वगैरे काही नाही. मीच माझ्या हाताने दिली होती आणि वर थँक्यूही म्हटलं होतं.

झालं असं की ऑफिसच्या लिफ्टमध्ये मी बायकोशी फोनवर बोलत होतो. प्राची तेव्हा अजून पुण्यातच होती. क्वीन्सटाउनच्या घरमालकाने एकच किल्ली दिली आहे, ती हरवली तर मी कुठे जाऊ, असं माझं रडगाणं चाललं होतं. शेजारी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. फिकट निळा कुडता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायांत चालायचे बूट आणि हातात लांब दांड्याची छत्री. मी फोन ठेवल्याबरोबर त्या म्हणाल्या, "एकाच किल्लीवर माणूस परदेशात राहतो होय? चल." कुठे ते विचारेपर्यंत लिफ्ट तळमजल्यावर आली होती. दहा मिनिटांत रस्त्यापलीकडच्या किल्लीवाल्याने माझ्या किल्लीच्या तीन प्रती काढल्या. दोन माझ्या हातावर ठेवून तिसरी त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"ही माझ्याकडे राहू दे. मीही क्वीन्सटाउनलाच राहते. तुझं एकंदर बघता लागेल."

या कुमुदताई क्षीरसागर. आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत त्या अकाउंट्स सांभाळायच्या. मी सातव्या मजल्यावर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचो. पुढे मला कळलं की क्वीन्सटाउनपासून चोआ चू कांगपर्यंत पसरलेल्या निदान वीसेक मराठी घरांच्या किल्ल्या त्यांच्या घरी एका डब्यात पडून होत्या. त्यांतली कुठली कोणाची हे त्यांना स्वतःला सांगता आलं नसतं. किल्ली कुलपाला लागावी हा त्यामागचा उद्देशच नव्हता. किल्लीवाल्याकडे दिवसाला एक तरी गिऱ्हाईक गेलं पाहिजे, एवढाच उद्देश होता.

कारण आमचा रस्ता मरायला टेकला होता. सिटी हॉल स्टेशनवर उतरून नदीच्या दिशेने चालत निघालं की तो लागतो. एके काळी हा शहराचा मुख्य रस्ता. लग्नाचं कापड, चांगलं घड्याळ, परदेशी चष्मा असं काहीही घ्यायचं तर लोक इथे येत. मग ऑर्चर्ड रोडला काचेचे मोठमोठे मॉल झाले, गार हवा सुटली आणि सगळी गर्दी तिकडे गेली. दोन हजार अकरा साली मी पाहिला तेव्हा या रस्त्यावरची निम्मी दुकानं शटर ओढून बसली होती. उरलेल्या निम्म्यांतले दुकानदार उघड्या दुकानात झोपलेले असायचे. रस्त्याला एक रीतसर ऐतिहासिक नाव आहे, पण कुमुदताई नाशिकच्या. गावातल्या मुख्य रस्त्याला मेन रोडच म्हणायचं, अशी त्यांना लहानपणापासूनची सवय. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या तोंडी तो मेन रोड झाला. एकदा मी टॅक्सीवाल्यालाही मेन रोड म्हणून सांगितलं आणि तो मला भलतीकडेच घेऊन गेला.

रोज दुपारी साडेबारा वाजता कुमुदताई घरून आणलेली पोळीभाजी टेबलावरच दहा मिनिटांत संपवत आणि छत्री घेऊन खाली उतरत. मग त्यांची फेरी सुरू व्हायची. जाताना रस्त्याची डावी बाजू, येताना उजवी. प्रत्येक उघड्या दुकानाच्या दारात थांबून त्या हसत विचारत, "हाऊ अंकल, बिझनेस गॉट ऑर नॉट?" आतून बहुतेक एकच उत्तर यायचं, "नॉट, लाह." त्यावर ताई मान हलवत, जणू पेशंटचा ताप अजून उतरलेला नाही, आणि पुढच्या दारात जात. हॉस्पिटलमधल्या बड्या डॉक्टरांच्या मागून शिकाऊ डॉक्टर चालतात तसा मी त्यांच्या मागून चालायचो. माझं जेवण त्या फेरीत उभ्याउभ्याच व्हायचं.

फेरीचा एक नियम होता. परत येताना हातात मेन रोडवरची एक तरी वस्तू पाहिजे. अर्धा डझन बटणं, घड्याळाचा पट्टा, चष्म्याची दोरी, काहीही. ताईंना चष्मा नव्हता, पण दोऱ्या चार होत्या.

आणि लिटिल इंडियात त्या पाऊल ठेवायच्या नाहीत. सिंगापूरमधल्या मराठी घरात हे म्हणजे धर्म सोडल्यासारखंच. रविवारी आम्ही सगळे तिथे भाजी, कढीपत्ता, तूरडाळ आणि वर्षभराच्या ओळखी गोळा करायला जायचो. ताईंकडे कढीपत्ता संपला की आमच्याकडून मागून नेतील, पण स्वतः जायच्या नाहीत. "तिथे माझ्यावाचून काही अडत नाही. गर्दी आहे ती आहेच. जिथे आपण गेलो नाही तर कोणी येणार नाही, तिथे जावं माणसाने." हे त्या इतक्या सहज म्हणायच्या की आपण रविवार लिटिल इंडियात घालवतो याची मला उगाचच शरम वाटायची. रविवारी मी पुन्हा तिथेच असायचो, ती गोष्ट वेगळी.

मेन रोडवर त्यांचा सगळ्यांत जास्त जीव होता तो ओंग अंकलच्या कापडाच्या दुकानावर. आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर ते होतं. लांबोळकं, भिंतीला छतापर्यंत ताग्यांची चळत, मधे एक प्रचंड लाकडी टेबल. सत्तरी ओलांडलेले ओंग अंकल त्या टेबलामागे चिनी पेपर वाचत बसायचे. पेपर वाचून संपला की तोच पुन्हा पहिल्या पानापासून. वरच्या मजल्यावर मॅडम येओ नावाच्या शिंपीणबाई एका मशीनवर बसायच्या, आणि त्यांची सगळी भिस्त ओंग अंकलवर. खाली कापड विकलं गेलं तर वर शिवण यायची. खाली विकलं जात नव्हतं, त्यामुळे वर मॅडम येओ दिवसभर कोरियन मालिका बघत.

ताईंनी आपल्या परीने दुकान उचलून धरलं होतं. त्यांच्या चार खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना पडदे, दारांना पडदे, कपाटांना पडदे, पुस्तकांच्या फळीला पडदा आणि मायक्रोवेव्हलासुद्धा झालरीचा पडदा होता. त्यांचे यजमान विनायकराव बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि घरात फारसं बोलत नसत. प्राची आल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी आमटी वाढून घेता घेता एवढंच म्हटलं, "आता माझंच माप घ्यायचं राहिलंय."

एकदा ताईंच्या डोक्यात आलं की रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही, हेच खरं दुखणं आहे. आत चार माणसं दिसली की पाचवं येतं. मग काय, दुसऱ्या दिवशी साडेबाराला आमच्या सातव्या मजल्यावरचे सहा इंजिनिअर त्यांनी दुकानात आणून उभे केले. रीतसर तालीम घेतली, माझ्यापासून सुरुवात. "मंदार, तू पोत बघ. सुब्बू, तू भाव विचार. आणि तू रे, 'नको' म्हणून बाहेर जा आणि दोन मिनिटांनी विचार बदलल्यासारखा परत ये. आणि हसू नका रे, कापड घ्यायला आलेली माणसं हसत नाहीत." आम्ही अगदी मन लावून काम केलं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले सहा पुरुष, एक शब्द न बोलता, फुलाफुलांचं क्रेप चिमटीत धरून चोळताहेत. तेवढ्यात खरोखरच एक गिऱ्हाईक आलं. कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई. ती दारात उभी राहिली, आमच्याकडे बघितलं, मुलाला घट्ट धरलं आणि आल्या पावली परत गेली. गेल्या तीन दिवसांतलं ते पहिलं गिऱ्हाईक होतं.

ओंग अंकलनी पेपर खाली ठेवला. "आय्या कुमुद, युवर पीपल टच टच ओन्ली, नेव्हर बाय."

त्या दिवशी आम्ही सहाही जणांनी शर्टाचं कापड घेतलं. सहाही शर्ट एकाच निळ्या रंगाचे झाले, कारण ताईंनीच निवडला. पुढे कितीतरी महिने आमच्या ऑफिसात लोक आम्हाला लिफ्ट दुरुस्त करणारे समजत.

मग एका डिसेंबरात फेरीच्या वेळी ओंग अंकल म्हणाले, "कुमुद, यू वॉन्ट द फॅन ऑर नॉट?" कोपऱ्यातल्या उभ्या पंख्याकडे त्यांनी बोट दाखवलं. दुकानाचा भाडेकरार चिनी नववर्षापर्यंतचा होता आणि तो पुढे वाढवायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कापड कोणी घाऊक भावात उचलेल, टेबल जाईल, पंखा तेवढा चांगला होता, तो ओळखीच्या घरी जावा, असं त्यांना वाटत होतं. ते इतकं साधेपणाने बोलले की काय झालंय ते मला आधी कळलंच नाही. ताईंना कळलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नो फॅन. यू नीड फॅन. व्हेरी हॉट हिअर." आणि तिथून निघाल्या. त्या दिवशी रस्त्याची उजवी बाजू पहिल्यांदाच राहून गेली.

संध्याकाळी एमआरटी मेट्रोत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. कुमुदताई गप्प बसलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या आणि मला चक्क भीती वाटली. मग त्या सांगायला लागल्या. नाशिकला त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्या कॉलेजात असताना ते बंद पडलं. "लोक घरी भेटायला येत होते मंदार. वाईट वाटलं म्हणाले. अख्खी गल्ली येऊन गेली. आणि त्यांतला एकही माणूस शेवटच्या वर्षभरात दुकानाची पायरी चढला नव्हता. मी चहाचे कप देत होते आणि प्रत्येकाचं तोंड बघत होते. तेव्हाच ठरवलं, मी असं वाईट वाटून घेणार नाही. मी पायरी चढेन." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. रेडहिल स्टेशन आलं तेव्हा त्यांनी नाक पुसलं आणि एकदम म्हणाल्या, "संक्रांत कधी आहे रे?"

तिथून पुढे जे झालं त्याला योजना म्हणायचं की वेड, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

सिंगापुरात संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू असतं आणि चिनी नववर्षही साधारण त्याच सुमाराला येतं. ताईंनी ठरवलं की या वेळी हळदीकुंकू घरी नाही, मेन रोडवर करायचं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोकळी जागा होती. ती इमारतीच्या ऑफिसकडून 'कल्चरल अॅक्टिव्हिटी' असा अर्ज देऊन मिळवली. आणि वाण म्हणून लुटायचा ब्लाउजपीस. ओंग अंकलच्या दुकानातले, सगळे वेगवेगळ्या रंगांचे. दोनशे ब्लाउजपीस. वर प्रत्येकाला टाचणीने एक चिठ्ठी, मराठीत आणि खाली इंग्रजीत, 'शिवून मिळेल, पहिला मजला, मॅडम येओ'. हिशेब सरळ होता. दोनशे बायका ब्लाउज शिवायला येणार, शिवायला आल्या की खाली दुकान बघणार, दुकान बघितलं की काहीतरी घेणार, आणि नववर्षाच्या आत ओंग अंकलचा विचार बदलणार.

आमंत्रण मराठी बायकांच्या तीन व्हॉट्सअॅप ग्रुपांवर गेलं. शनिवारी चार ते सात, सवडीने यावे. आता मराठी बायकांना चार ते सात सांगितलं की त्या साडेपाचला येतात. सगळ्या. पाचला मी, सुब्बू, ताई आणि तिळगुळाचं पातेलं एवढेच तिथे होतो. पावणेसहाला रांग मोकळी जागा ओलांडून दाराबाहेर फुटपाथवर गेली होती. पैठण्या, नथी, काळ्या चंद्रकळा, हलव्याचे दागिने. मेन रोडने इतका रंग कित्येक वर्षांत पाहिला नसेल. इमारतीचा वॉचमन आधी घाबरला, मग त्याने कुठून तरी बँकेत असतात तसे पट्ट्यांचे खांब आणून रांगेला वळणं दिली.

आणि इथे मोठी गंमत झाली. सिंगापूरच्या माणसाला रांग दिसली की राहवत नाही. समोरच्या ऑफिसांतून शनिवारीही काम करून सुटलेले लोक, बसस्टॉपवरच्या मावश्या, शाळेचे गणवेश घातलेल्या दोन मुली, सगळे येऊन मागे उभे राहायला लागले. माझ्या पुढ्यात एका चिनी बाईंनी दुसरीला विचारलं, "व्हॉट धिस क्यू फॉर, आह?" दुसरी म्हणाली, "डोन्ट नो. क्यू फर्स्ट."

मी धावत ताईंकडे गेलो. "ताई, रांगेत आपल्या बायका संपल्या. आता परके लोक आहेत. काय करू?"

"परके कुठले? मेन रोडवर आलेत ना? तिळगूळ आण."

मग ताईंनी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. कोण लग्नाची, कोण बिनलग्नाची, कोणाचा नवरा आहे, कोणाचा नाही, हे विचारायची त्यांना सवड नव्हती आणि इच्छाही नव्हती. हिजाब घातलेल्या एका मलाय बाईंनी हसून कपाळाऐवजी तळहात पुढे केला, ताईंनी तळहातावर गुलाबपाणी शिंपडलं. रांगेत आलेल्या एका काकांना तिळगूळ आणि बायकोसाठी म्हणून जांभळा ब्लाउजपीस मिळाला. ताई प्रत्येकाला सांगत होत्या, "ईट स्वीट, टॉक स्वीट, देन गो अपस्टेअर्स." वर मॅडम येओ नवा ड्रेस घालून, माप घ्यायची पट्टी गळ्यात अडकवून तयार बसल्या होत्या. दोनशे पीस सात वाजायच्या आत संपले. घरी जाताना आमचे पाय जमिनीवर नव्हते. सुब्बूने तर वॉचमनला मिठी मारली.

सोमवारी मॅडम येओंकडे कोणी आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी त्यांनी पुन्हा कोरियन मालिका लावली.

गुरुवारी आमच्या प्राचीला चोआ चू कांगला कोणाकडे तरी हळदीकुंकवाला बोलावणं होतं. ओटीत एक पोपटी ब्लाउजपीस घेऊन ती घरी आली. टाचणी अजून तशीच होती. 'शिवून मिळेल, पहिला मजला'. मी विचारलं, "आणि तुला मेन रोडवर मिळालेला?" ती म्हणाली, "तो मी जिच्याकडे गेले तिला दिला ना." म्हणजे ताईंचे ब्लाउजपीस मेन रोडवरून निघून बेटाच्या प्रवासाला लागले होते. पुंगोलचा जुराँगला, जुराँगचा तांपिनीसला. आपल्याकडे ब्लाउजपीस ही शिवायची वस्तूच नव्हे. तो ओटीत येतो, कपाटात राहतो आणि पुढच्या ओटीत जातो. हे प्राचीला माहीत होतं, तिच्या आईला माहीत होतं, मलासुद्धा माहीत होतं. कुमुदताईंनाही माहीत होतं, पण ओंग अंकलच्या काळजीत त्या ते साफ विसरल्या होत्या.

शुक्रवारी त्यांच्या स्वतःच्या ओटीत त्यांचाच ब्लाउजपीस आला. शनिवारी सकाळी त्या तो घेऊन आमच्या दारात. मला वाटलं, रडतील. त्यांनी पीस टेबलावर ठेवला, चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि हसायला लागल्या. हसता हसता सोफ्यावरून खाली बसल्या. "अरे, लग्नाला एकतीस वर्षं झाली माझ्या. कपाटात ढीग आहे. आजपर्यंत एक तरी शिवला का मी? मग या कशाला शिवतील?" आणि मग एकदम हसू थांबलं. "मंदार, बारा दिवस राहिले रे नववर्षाला." प्राचीने त्यांना पाणी दिलं. आम्हा दोघांनाही इतकं वाईट वाटलं की मी आत जाऊन उगाचच चहा टाकला.

चहा उकळत असताना ताईंचा फोन वाजला. मॅडम येओ होत्या. फोन इतका मोठ्याने चालला होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. "कुमुद, यू कम डाउन नाऊ. टू मेनी पीपल."

आम्ही तिघंही टॅक्सीने गेलो. पहिल्या मजल्यावरच्या जिन्यात बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यात एकही मराठी नव्हती. त्या दिवशी रांग दिसली म्हणून मागे उभ्या राहिलेल्या त्या सगळ्या. त्यांना आपला रिवाज कोण सांगणार? त्यांनी तो पीस घरी नेला, चिठ्ठी वाचली, आणि शिवून मिळेल म्हटलंय तर शिवायचंच, असा सरळ अर्थ लावला. नववर्ष तोंडावर, नवा कपडा तर हवाच. फक्त एक अडचण होती. ब्लाउजपीस म्हणजे पाऊण-एक मीटर. त्यात नववर्षाचा ड्रेस बसणार कसा? मॅडम येओ प्रत्येकीला तेच सांगत होत्या, "नॉट इनफ. गो डाउन, बाय मोअर." आणि प्रत्येक बाई हातात तो तुकडा धरून खाली ओंग अंकलकडे जात होती, त्याच कापडाचे आणखी दोन मीटर घ्यायला. जांभळ्या पीसवाले काका बायकोला आणि सासूला घेऊन आले होते.

खाली ओंग अंकल टेबलामागे उभे होते. मी त्यांना उभं राहून काम करताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कात्री चालत होती, ताग्यांवर तागे उलगडत होते, आणि चिनी पेपर कुणाच्या तरी पायाखाली गेला होता. ताई दारातच थांबल्या. दोन्ही हात तोंडावर घेऊन त्या नुसत्या बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, माझा हिशेब बरोबर होता. फक्त बायका चुकल्या."

नववर्षाच्या आदल्या आठवड्यात ओंग अंकलनी करार वाढवला. हे सांगायला ते स्वतः लिफ्टने पाचव्या मजल्यावर आले. ताईंच्या टेबलापाशी उभे राहून म्हणाले, "द फॅन, सॉरी, कॅनॉट गिव्ह." ताईंनी सातव्या मजल्यावर फोन करून मला ही बातमी दिली. पुढे फोनवर त्यांचं हुंदक्यांसारखं हसू तेवढं ऐकू येत होतं.

एका हळदीकुंकवाने रस्ता उठला असं मी म्हणणार नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत नदीकाठी नवी ऑफिसं झाली, सरकारने फुटपाथ रुंद केले, झाडं लावली, कुठल्यातरी मासिकाला जुन्या रस्त्यांची आठवण आली. पण मॅडम येओंनी दोन बाया हाताखाली घेतल्या, शेजारचं बंद शटर उघडून एका मुलीने शिवणाचे वर्ग सुरू केले, त्या वर्गातल्या मुलींसाठी समोर कॉफीचं दुकान आलं, मग मण्यांचं, मग जुन्या कपड्यांचं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ताईंचं मत विचाराल तर नवी ऑफिसंसुद्धा त्यांच्या रांगेमुळेच आली. त्या नव्या कॉफीच्या दुकानात त्या दर सोमवारी जात, कॉफी कडू आहे म्हणून मालकाला ऐकवत, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जात. फेरी मात्र लांबत चालली. उघडी दुकानं वाढली, त्यामुळे विचारपूस वाढली, आणि एक तासात रस्ता संपेना. शेवटी त्यांनी डावी बाजू सोमवार-बुधवार आणि उजवी मंगळवार-गुरुवार असं वेळापत्रक केलं.

दोन हजार अठरा साली विनायकराव निवृत्त झाले आणि दोघांनी नाशिकला परत जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी दुपारी ताई मेन रोडवर सगळ्यांचा निरोप घ्यायला आल्या. बॅगा टॅक्सीत, विनायकराव टॅक्सीत, आणि मी नेहमीप्रमाणे मागून. घड्याळवाला, चष्मेवाला, मॅडम येओ, सगळे झाले. ओंग अंकल मुद्दाम शेवटी ठेवले होते.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवणाच्या वर्गातल्या मुली, एक नवरी आणि तिच्या तीन बहिणी, दोन पर्यटक. ओंग अंकलची पाठ आता चांगलीच वाकली होती, पण हात थांबत नव्हते. त्यांनी ताईंना पाहिलं, मोकळा हात वर केला आणि पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. ताई एका ताग्यावर टेकल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. नवरीला लाल रंगाची तिसरी छटा बघायची होती. अंकल मधूनमधून मान वर करून ताईंकडे बघत होते आणि पुन्हा पाच बोटं दाखवत होते. बाहेरून विनायकरावांचा फोन आला, विमानतळ लांब आहे.

ताई उठल्या. दारातून एकदा आत पाहिलं, ताग्यांच्या चळतीपासून नवरीच्या बहिणींपर्यंत सगळं, सावकाश. ओंग अंकल शिडीवर चढले होते, त्यांची पाठ होती. ताई बाहेर आल्या आणि टॅक्सीत बसल्या. चेहरा असा फुलला होता की जणू बारा वर्षांची मुलगी जत्रेला निघाली आहे. डोळे मात्र भरून आले होते.

मला राहवलं नाही. दोघांची इतक्या वर्षांची ओळख, आणि असं न बोलता जायचं? मी खिडकीशी वाकून म्हटलं, "ताई, एकच मिनिट थांबा. मी हाक मारतो त्यांना."

"खबरदार," कुमुदताई म्हणाल्या. "गिऱ्हाईक आहे त्यांच्यापुढे."